तांडेलचाचांच्या गाठी

तांडेलचाचांना कुणी एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगितली, की ते आधी ती शेवटपर्यंत ऐकून घेत. ऐकताना नजर स्वतःच्या वहाणांवर. सांगणाऱ्याचं संपलं की मान वर करून विचारत, "आन तो न्हाय आला तर?"

हा 'तो' कोण, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. कधी तो मचवा असे, कधी गाडीवान, कधी वारा, कधी मुंबईचे शेट. एकदा पुतणीच्या निकाहाच्या बोलणीला बसले असताना त्यांनी हाच प्रश्न नवरदेवाबद्दल विचारला होता आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, हलीमाआपांनी, त्यांना उठवून ओटीवर पाठवलं होतं. हे चाचा स्वतःच हसत सांगत. हसताना त्यांचा आवाज होत नसे, नुसते खांदे हलत.

आगरदांड्याला आमची पेढी होती. 'आमची' आपली म्हणायची सवय. मालक नरोत्तमशेट, ते मुंबईला. चाचा पेढीचे कारभारी आणि मी पत्रं लिहिणारा, वखारीच्या किल्ल्या सांभाळणारा कारकून. त्याआधी तीन वर्षं मी मुरुडच्या बाजूला शाळेत शिकवत होतो, म्हणून चाचा मला मास्तर म्हणत. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण 'तुमी' सोडून कधी बोलले नाहीत.

पेढीचा धंदा सरळ होता. खाडीकाठच्या कोळीवाड्यांमधली सुकी मासळी घ्यायची, ती मुंबईला धाडायची, आणि मुंबईहून तांदूळ, डाळ, मिरची, घासलेट आणून त्याच कोळीवाड्यांना पावसाळ्यासाठी पुरवायचं. मृग लागला की समुद्र बंद. गलबतं शाकारून किनाऱ्यावर चढवलेली, खाडीचं तोंड फेसाळलेलं, ओढे-वहाळ भरलेले, वाटा बुडालेल्या. कोळ्याच्या घरात भात पिकत नाही आणि पावसाळ्यात मासळीही मिळत नाही. तेव्हा पावसाआधीच्या त्या पाच-सहा आठवड्यांत, ज्यांना आम्ही आगोट म्हणतो, जे काही जमवून ठेवाल त्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत जगायचं. पेढीने आगोट नीट भरली तर माणसं जगत. नाही भरली तर काय होतं, तेही या किनाऱ्याने पाहिलं होतं आणि चाचांनी सगळ्यात जवळून पाहिलं होतं.

ते पेढीवर कारभारी म्हणून आले नव्हते. पेढीच्या थोरल्या गलबताचे ते तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. एका आगोटीला शेटांच्या मुंबईच्या मेहत्याने, हिशेबनिसाने ठरवलं, की पाच मचव्यांना वेगवेगळं भाडं देण्यापेक्षा सगळा दाणा एकाच गलबतात भरावा. चाचांनी ऐकलं आणि भरून आणलं. रेवदंड्याच्या पुढे वादळ लागलं. गलबत गेलं, त्यातला तांदूळ गेला आणि सागवाडीचे दोन खलाशी गेले. चाचा फळी धरून किनाऱ्याला लागले ते उजव्या हाताची दोन बोटं दोरात गमावून. त्या पावसाळ्यात सागवाडीने जंगलातले कडू कांदे उकडून दिवस काढले. हे मला वखारीच्या हमालांनी सांगितलं. चाचा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या वर्षी आमी ऐकला. चूक ती."

तेव्हापासून ते पुन्हा गलबतावर चढले नाहीत आणि पुन्हा कुणाचं ऐकलंही नाही.

सागवाडी खाडीच्या पलीकडे, दिघीच्याही पुढे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत होती. पंचवीसेक घरं. बुडालेल्या खलाशांपैकी एकाची मुलगी गोमी. तिचं लग्न चाचांनी पुढे उभं राहून लावून दिलं. तिचा नवरा भिवा सुकी मासळी घेऊन पेढीवर आला, की चाचा आधी गोमीची खुशाली विचारत, मग मासळीकडे बघत. हे मला फार आवडे. माझ्यासारख्या माणसाला ते जमलं नसतं, मी आधी वजनकाट्याकडे बघितलं असतं.

कारभारी झाल्यावर चाचांनी पेढीची सगळी घडीच मोडून नवी बसवली. दाणा पाच मचव्यांतून, पाच वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या बंदरांतून यायचा. तांदूळ एका व्यापाऱ्याकडून न घेता तिघांकडून. हमालांच्या दोन टोळ्या, एक आगरदांड्याची, एक पलीकडची. स्वतःकडेही काडेपेट्या दोन, एक खिशात आणि एक टोपीच्या घडीत. आम्ही पाठीमागे चेष्टा करायचो, की चाचांनी नमाजाला तोंड करायची दिशा, किब्लेही दोन ठेवले असतील. ती त्यांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मास्तर, अल्ला एक हाय म्हून तर बाकी समदं दोन लागतंय."

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात हे मला पटलं. लग्न आमच्याच दारात, नवरीकडचं वऱ्हाड मचव्यातून येणार होतं. चाचा आहेराला आले आणि चहा हातात घेऊन त्यांनी तोच प्रश्न विचारला. माझे वडील वैतागले. म्हणाले, "अहो, का नाही येणार?" जाता जाता चाचांनी आपल्या ओळखीची दुसरी होडी खाडीत सोडली. वऱ्हाडाचा मचवा ओहोटीला चिखलात रुतून बसला. नवरी, तिचे आईबाप आणि भटजी त्या होडीतून मुहूर्ताला पोचले. माझी आई सोवळ्यातली बाई, पण त्या दिवसापासून चाचा दारात आले की ती स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येई.

आता वखारीची गोष्ट. नरोत्तमशेटांनी मुंबईच्या कचेऱ्यांमध्ये बघून आमच्या वखारीत एक मोठा काळा फळा लावायला सांगितला होता. कुठल्या वाडीसाठी किती पोती, ते खडूने लिहायचं. अक्षर माझं. मला त्याचा अभिमान होता. एका पावसाळ्यात आसपासच्या घरांतही दाणा संपला. लोकांनी फळ्यावर वाचलं, 'सागवाडी, साठ पोती.' भर दुपारी वखारीचं दार फुटलं. जे जवळ राहत होते आणि ज्यांच्या मनगटात जोर होता त्यांनी पोती नेली. सागवाडीला चार पोती पोचली. त्याच आठवड्यात कुणीतरी लबाड कातळवाडीला गेला. तिथल्या कुणब्याकडे चाचांनी थोडा दाणा ठेवला होता. "चाचा आजारी आहेत, त्यांनीच पाठवलंय," असं सांगून त्याने तोही उचलला. कुणबी म्हातारा भोळा. त्याला कळलं तेव्हा तो पेढीवर येऊन चाचांच्या पायांवर डोकं आपटू लागला. पुढे लवकरच तो वारला.

चाचांनी फळा उतरवून विहिरीपाशी नेला, धुतला आणि हमालांना धुणं आपटायला दिला. मला म्हणाले, "कागूद लिवला की वाचणारा गावतोच, मास्तर. आन पयला वाचतो तो धट्टाकट्टा."

 

मग त्यांनी जी व्यवस्था उभी केली ती दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती. वखारीत फक्त आषाढापर्यंतचा दाणा. श्रावणाचा दाणा खाडीच्या दोन्ही अंगांना, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या घरांत, कणग्यांमध्ये भरून शेणाने लिंपलेला. कुणाकडे, ते फक्त चाचांना ठाऊक. सामान न्यायला हमालसुद्धा ते त्या त्या गावचे घेत, म्हणजे एका गावच्याला दुसरं गाव कळू नये. आणि प्रत्येक ठेवणाऱ्याला त्यांनी सुंभाची एक वीतभर दोरी दिली होती. तिच्यात एक गाठ. प्रत्येकाची गाठ निराळी. गलबतावर जन्म गेलेल्या माणसाच्या त्या गाठी, बघून बांधता येणाऱ्या नव्हत्या. दाणा हवा असला की चाचा तशीच गाठ बांधून माणूस पाठवत. ठेवणारा आपली दोरी आढ्यावरून काढून दोन्ही शेजारी धरून बघे, जुळली तर कणगी फोडे. नाही जुळली तर प्रत्यक्ष शेट आला तरी दाणा मिळायचा नाही.

सात-आठ पावसाळे हे बिनबोभाट चाललं. वखार कुणी फोडली नाही, कारण आत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं, आणि बाहेर काय आहे ते कुणालाच नव्हतं. सागवाडीत एकही चूल थंड राहिली नाही. दुसऱ्या पेढ्यांचे कोळी आमच्याकडे मासळी घेऊन यायला लागले. शेट माघात आले तेव्हा मात्र कुरकुरले. त्यांना एक वखार, एक कुलूप आणि एक यादी हवी होती.

"तांडेल, इतका माल कुठे ठेवला, मने तो सांगा."

"शेट, तुमी मुंबईला ऱ्हाता. मुंबईला कान लई."

"पण लिहून तर ठेवा कुठे."

चाचा वहाणांकडे बघत राहिले. शेटांनी हसून उपरण्याने घाम पुसला. "ठीक छे. तमे छो ने, पछी शी फिकर! तुम्ही आहात, मग कसली काळजी."

त्या वेळी चाचांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट पाहिलं आहे. इतर वेळी कोणतंही आश्वासन उलटसुलट करून बघणारा माणूस या एका वाक्यापुढे विरघळला. 'तुम्ही आहात की' हे त्यांना शेट म्हणत, कोळी म्हणत, मी म्हणे. ते ऐकून ते मान खाली घालत आणि त्यांचे खांदे हलत. साऱ्या जगाला विचारायचा तो प्रश्न त्यांनी तिथे कधी विचारला नाही. याचा मला आजही राग येतो. आणि माझाही येतो.

कारण त्यांनी मला शिकवायला काढलं होतं. चैत्रातल्या एका दुपारी, वखारीत सगळे पेंगत असताना, त्यांनी माझ्यापुढे सुंभ टाकला आणि विचारलं, "मास्तर, शिकता का?" मी दोन दुपारी झटापट केली. त्यांची तीन बोटं सुंभात अशी फिरत की डोळा चुके. माझी पाचही बोटं एकमेकांत अडकत. तळहात सोलवटले. तिसऱ्या दिवशी मी दोरी बाजूला सारली आणि म्हणालो, "राहू दे चाचा. तुम्ही आहात की."

ते खुश झाले. सुंभ गोळा करून त्यांनी कमरेला खोचला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या वर्षीचा पाऊस वेळेवर आला आणि थांबेचना. आषाढ सरत आला. वखारीचा तळ दिसू लागला होता, पण त्यात काळजीसारखं काही नव्हतं. दरवर्षी असंच होई. चाचा एकेक गाठ बांधून माणसं पाठवत आणि दाणा निघे. त्या वर्षी पहिली गाठ बांधायच्या आदल्या दिवशी, सकाळी नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला बसले असताना, ते तिथेच कलंडले. हलीमाआपांनी हाका मारल्या म्हणून मी धावलो. उजवं अंग गेलं होतं. तोंड वाकडं झालेलं. जीभ हलत होती, पण तिच्यातून शब्द म्हणून काही निघत नव्हता. हकीम आले, त्यांनी तेल दिलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, की जगतील, पण बोलतील असं दिसत नाही.

मी शेटांना तार केली. उत्तर आलं, की दाणा ठेवलेला असेलच, शोधा. रस्ते उघडले की इकडूनही पाठवतो. मुरुडच्या बाजारात हिंडून मी सहा पोती मिळवली, तीही दुकानदारांच्या विनवण्या करून, कारण त्यांनाही पुढचा महिना काढायचा होता. त्यातली तीन आगरदांड्याच्या कोळीवाड्यात गेली, तीन होडीतून पलीकडे सागवाडीला. पंचवीस घरांना तीन पोती किती दिवस जाणार?

मग मी चाचांच्या उशाशी बसून एकेका गावाचं नाव घेऊ लागलो. बरोबर असलं तर त्यांनी डोळे मिटायचे, एवढं ठरवलं. ते त्यांना समजत होतं. सगळं समजत होतं, हेच वाईट होतं. तासाभराने कातळवाडीला डोळे मिटले गेले. मी घरांची नावं घेतली. त्या वारलेल्या कुणब्याचा मुलगा धर्मा, इथे पुन्हा डोळे मिटले. कातळवाडी म्हणजे सागवाडीच्या डोंगराची मागची बाजू. धड पायांचा माणूस तास-दीड तासात खाली सागवाडीत उतरतो. मला वाटलं, सुटलो.

हलीमाआपांनी सुंभ आणला. चाचांनी डाव्या हाताने तो धरला, एक टोक दातांत पकडलं आणि गाठ बांधायला घेतली. तोंडाचा एक कोपरा बंद होत नव्हता, त्यामुळे दोरी सारखी निसटे. लाळ गळे, आपा पुसत. सकाळपासून दुपारच्या बांगेपर्यंत ते चाललं. शेवटी त्यांनी माझ्या हातात जी दोरी दिली ती घेताना मला ती त्यांचीच गाठ वाटली. मला तरी काय कळत होतं!

दुसऱ्या दिवशी मी तरीने दिघीला उतरलो आणि कातळवाडी गाठली. पोचेपर्यंत दुपार कलली. धर्मा दारात नांगराचं जू दुरुस्त करत होता. तिशीतला, किडकिडीत. घरात चुलीवर नाचणीची पेज शिजत होती. पातळ, नुसतं पाणीच. पडवीच्या आत, अंधाऱ्या खोलीत, तीन मोठ्या कणग्या लिंपलेल्या मला दिसल्या. लिंपण कुठे तडकलेलंसुद्धा नव्हतं.

मी दोरी दिली. त्याने हात धुतले, दोन्ही हातांनी ती घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग आढ्यावरची आपली दोरी काढून उजेडात आला. बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, तुमी थोर मानूस. पन ही गाठ त्येंची न्हाय."

"अरे, त्यांचीच आहे. डाव्या हाताने बांधली. त्यांना अर्धांगवायू झालाय, धर्मा. वाचा गेलीये. माझ्यासमोर बांधली त्यांनी."

धर्माचा चेहरा उतरला. त्याने दोरी माझ्या हातात परत ठेवली.

"माज्या बापाला बी असंच सांगितलं हुतं," तो म्हणाला. "चाचा आजारी हायेत म्हून."

मी ओरडलो. मी हात जोडले. सागवाडीत लोक उपाशी आहेत, हे सांगितलं. तो रडू लागला, पण दारातून बाजूला झाला नाही. त्याची बायको दोन पोरं घेऊन चुलीपाशी उभी होती. त्या पोरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. स्वतः पेजेचं पाणी पिऊन त्या माणसाने तीन कणग्या तांदूळ सांभाळला होता आणि मी त्याला लबाड वाटत होतो. शेवटी तो म्हणाला, "मी येतो तुमच्यासंगं. त्येंच्या तोंडाकडं बघतो. मंग माजी ना न्हाय." आम्ही निघालो तर मधला वहाळ वर आला होता. दोन दिवस तो उतरला नाही. आम्ही कातळवाडीतच बसून राहिलो, धर्मा दारात आणि मी पडवीत, मागे त्या कणग्या.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट करता येण्यासारखी होती. ती मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. डोंगराच्या वाटेने मी सागवाडीत उतरून सांगू शकलो असतो, की वर तीन कणग्या तांदूळ आहे, चला. पंचवीस घरांचे पुरुष आले असते तर एकटा धर्मा काय करणार होता? वाट निसरड्या उताराची होती, पण तिकडे वहाळ नव्हता. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. मला तो फळा आठवत होता. एकदा कळलं की सगळ्यांना कळेल, बाकीच्या गावांत शोध सुरू होईल, मारामाऱ्या होतील, चाचांची सात-आठ वर्षांची व्यवस्था एका दिवसात मोडेल. दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हटलं. चाचांना शिव्या देत मी चाचांच्याच डोक्याने विचार करत होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही आगरदांड्याला पोचलो. धर्मा चाचांच्या खाटेपाशी उभा राहिला. चाचांनी त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि तो जो आवाज निघाला तो ऐकून धर्मा खाली बसला आणि चाचांचा निर्जीव उजवा हात त्याने आपल्या डोक्यावर घेतला. "देतो, चाचा, आजच देतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याच पावली तो परत गेला. रात्रीपर्यंत कातळवाडीच्या माणसांनी डोक्यावरून दाणा सागवाडीत उतरवला.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. सागवाडीत चुली पेटल्या होत्या. भाताचा वास सगळ्या वाडीभर होता. पण चार दिवस उपाशी राहिलेल्या लोकांनी मधल्या काळात जे मिळेल ते खाल्लं होतं, कुजकी सुकट, न उकडलेले कडू कांदे, कसली कसली पानं. हगवण लागली होती. सात माणसं गेली. त्यात गोमीची सासू होती आणि गोमीची चार वर्षांची मुलगी होती. मुलगी आम्ही वहाळ उतरायची वाट बघत बसलो होतो त्यातल्या दुसऱ्या दिवशी गेली. गोमी मला म्हणाली, "मास्तर, तुमी लय धावलाव. पेढी नसती तर आमी समदे मेलो असतो." मी वहाणा हातात घेऊन चिखलातून परत आलो.

बाकीच्या गावांचा पत्ता चाचांचे डोळे वाचून हळूहळू लागला. धर्मा साक्षीला बरोबर आला म्हणून दोन ठिकाणचा दाणा वेळेवर निघाला. एका ठिकाणचा भाद्रपदात सापडला, तेव्हा कणगीला ओल लागून तांदूळ काळा पडला होता. ठेवणाऱ्या म्हातारीने तो सूपभरही उपसला नव्हता. चाचांच्या निरोपाची ती रोज वाट बघत होती. अशी माणसं त्या एका माणसाने निवडली होती, एकही खोटं निघालं नाही. सगळेच इतके खरे होते म्हणून सात माणसं मेली, असं कधीकधी माझ्या मनात येतं. मग मी दुसरं काहीतरी काम काढतो.

सागवाडीचं चाचांना सांगायचं नाही, असं मी आणि आपांनी ठरवलं होतं. पण घरात येणारी-जाणारी माणसं असतात. एका दुपारी मी गेलो तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि आपा म्हणाल्या, "उसको मालूम पड गया, मास्तर." त्यानंतर त्यांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. पहिली मासळी चाचांच्या घरी द्यायची, ही सागवाडीची रीत होती. त्या वर्षीही ती मोडली नाही. मी खाटेपाशी बसून शेटांचं पत्र वाचून दाखवत होतो. नवा कारभारी दसऱ्याला येणार, असं त्यात होतं. तेवढ्यात गोमी आली. डोक्यावर पाटी, पाटीत पापलेटं आणि वर केळीचं पान. ती खूप वाळली होती. तिने पाटी आपांकडे दिली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"चाचा, पयल्या जाल्याची हाय. तुमच्या दुव्यानं बरी गावली."

चाचांनी तिच्याकडे मान वळवली. त्यांचे डोळे आधीच भरले होते. त्यांनी डावा हात उचलला, डोंगर असेल त्या दिशेला केला, मग स्वतःच्या छातीवर आपटला. पुन्हा तिकडे, पुन्हा छातीवर. तोंडातून आवाज निघत होता, एकच आवाज, वरखाली होणारा. घामाने कपाळ भिजलं. ते काय सांगत होते ते मला लख्ख कळत होतं. दाणा वर होता, गोमी. तासाभराच्या वाटेवर होता. माझ्यामुळे तो खाली आला नाही.

गोमीने माझ्याकडे बघितलं. "मास्तर, काय सांगतान चाचा?"

चाचांनीही माझ्याकडे बघितलं. सांग, असं ते डोळे म्हणत होते. त्यांच्याबद्दल सांगायचं तर मग त्या दोन दिवसांबद्दलही सांगावं लागणार होतं.

"पाणी मागतायत," मी म्हणालो.

गोमी लगबगीने उठली. कोपऱ्यातल्या माठातून तिने भांडं भरून आणलं, एका हाताने त्यांची मान उचलली आणि भांडं ओठांना लावलं. चाचांनी दात आवळून धरले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून सदऱ्यात गेलं. ती आपल्या पदराने ते पुसत राहिली आणि लहान मुलाला म्हणावं तसं म्हणत राहिली, "पिवा चाचा, वाईच पिवा."

मी शेटांचं पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि बाहेर आलो. पुन्हा त्या घरात मला जाववलं नाही.